ब्रेकनरिजमधलं घर थेट मालकाकडून घेताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नाताळच्या आठवड्यात चार कुटुंबं, पोराबाळांसकट चौदा माणसं, अमेरिकेत कोलोरॅडोतल्या ब्रेकनरिज या स्कीच्या गावी निघालीत. बुकिंग साइटवर एक घर आवडलं, निरोप टाकला, तर मालकाचं उत्तर आलं, ‘साइट सोडा, वीस टक्के कमी करतो, पैसे झेलने पाठवा.’ (झेल म्हणजे एका बँकखात्यातून दुसऱ्यात थेट पैसे पाठवायची सोय.) घ्यावं का?

हे घर घेऊ नका. मालकाकडून थेट घ्यायचा विचार मात्र सोडू नका. मी डेन्व्हरजवळ राहतो आणि गेली बारा-तेरा वर्षं आम्ही दोन-तीन मराठी घरं मिळून दर हिवाळ्यात वर ब्रेकनरिजला जातो, तेही बहुतेक वेळा एकाच आजोबांच्या कॉन्डोत, म्हणजे फ्लॅटमध्ये. साइटवर ओळख झाली, पहिलं बुकिंग तिथेच केलं, निघताना स्वयंपाकघराच्या ड्रॉवरमध्ये त्यांचं कार्ड सापडलं. पुढच्या वर्षापासून सरळ फोन.

तसं पाहिलं तर हा प्रकार ब्रेकनरिजला नवा नाही. १९९५ साली डेव्ह क्लाउझ या गृहस्थाने इथला आपला कॉन्डो भाड्याने जावा म्हणून एक वेबसाइट काढली. तीच व्हीआरबीओ, सुट्टीसाठी घरं भाड्याने मिळण्याची आजची प्रसिद्ध साइट. तेव्हा पाहुणा आणि मालक एकमेकांशी थेट बोलत. पुढे २००६ मध्ये ती होमअवे या कंपनीने घेतली आणि २०१५ मध्ये होमअवे एक्स्पीडिया या प्रवास-बुकिंगच्या कंपनीकडे गेली. आज जे सेवाशुल्क बघून आपल्या पोटात गोळा येतो, ते नंतर आलं.

आता तुमच्या माणसाबद्दल. साइटवर बोलणं चालू असताना जो तुम्हाला ओढून बाहेर नेतो, त्याच्यासोबत गेलात की साइटचं संरक्षण संपतं. त्यात झेल म्हणजे हातात रोख दिल्यासारखंच, गेले ते गेले. स्वतःची वेबसाइट असलेला, करार पाठवणारा आणि क्रेडिट कार्ड घेणारा मालक वेगळा. कार्डाचे तीन टक्के तो तुमच्याकडून मागेल. द्या. उद्या घरच नाही असं निघालं तर कार्ड कंपनीकडे तक्रार तरी करता येते.

माणूस खरा आहे की नाही हे कसं कळणार? इथे ते मुंबई-पुण्यापेक्षा सोपं आहे. ब्रेकनरिज शहराच्या हद्दीत घर असं भाड्याने द्यायला परवाना लागतो आणि त्याचा नंबर जाहिरातीत द्यावाच लागतो. २०२१ पासून नगरपरिषदेने या परवान्यांच्या संख्येवर मर्यादा घातली आहे, त्यामुळे ज्याच्याकडे तो आहे तो माणूस शे-दोनशे डॉलरच्या लबाडीसाठी तो घालवणार नाही. नंबर मागा. मग समिट काउंटीच्या, म्हणजे ब्रेकनरिज ज्या जिल्ह्यात येतं त्याच्या, मालमत्ता नोंदी उघडा. त्या कोणालाही घरबसल्या बघता येतात. पत्ता टाका आणि करारावरचं नाव तिथल्या मालकाच्या नावाशी जुळतंय का पाहा. एखाद्या एलएलसीचं, म्हणजे खासगी कंपनीचं, नाव निघालं तर घाबरू नका, सरळ विचारा, खरा मालक दोन ओळींत सांगतो. कॉन्डो मोठ्या संकुलात असेल आणि तिथे फ्रंट डेस्क असेल तर तिथे फोन करून विचारा, अमुक नंबरचं युनिट भाड्याने जातं का. मी एकदा असा फोन केला तर पलीकडची बाई म्हणाली, ‘त्या नंबरचं युनिटच नाहीये आमच्याकडे.’ फोटो इतके सुरेख होते!

आणि मालकाशी बोला. लिहू नका, बोला. डोंगरावर नेणाऱ्या गोंडोलापर्यंत, म्हणजे रोपवेपर्यंत, चालत किती वेळ लागतो, तोही स्कीचे बूट घालून आणि पाच वर्षांचं पोर सोबत असताना? संध्याकाळी गावाकडे येणाऱ्या फोर ओ’क्लॉक रन या स्कीच्या उतारावरून उतरलं तर दारापासून किती लांब पोचतो? गॅरेजमध्ये किती गाड्या मावतात, वर कॅरियर लावलेली एसयूव्ही आत जाते का? जो तिथे राहिलाय तो हे न थांबता सांगतो. आमच्या आजोबांनी तर पहिल्याच फोनवर सांगितलं होतं, ‘जाहिरातीत स्की-इन, म्हणजे दारापर्यंत स्की करत येता येतं, असं लिहिलंय, पण बर्फ कमी असेल तर शेवटची पन्नास पावलं स्की खांद्यावर घेऊन चालावं लागतं.’ तिथेच माझा विश्वास बसला. पत्त्यात ब्रेकनरिज असूनही घर शेजारच्या ब्लू रिव्हर गावात किंवा शहराबाहेर काउंटीच्या हद्दीत असू शकतं, हेही विचारून घ्या. परवाना तिथला वेगळा, आणि दर वेळी गाडी काढावी लागते.

कर थेट बुकिंगलाही लागतोच. ‘कर नको, रोख द्या’ म्हणणारा परवान्याशिवाय धंदा करतोय असं समजा. तुलना करायची ती साफसफाई आणि कर धरून शेवटच्या आकड्याची, एका रात्रीच्या भाड्याची नव्हे.

माझे पैसे बुडाले ते मात्र खऱ्या मालकाकडेच. आजोबांची तारीख मिळाली नाही म्हणून दुसरं घर घेतलं होतं. १३ मार्च २०१९ ला डेन्व्हरवर हिमवादळ कोसळलं, विमानतळाच्या धावपट्ट्या बंद, न्यू जर्सीहून येणारे मेहुणे तिकडेच अडकले, आम्हीही घराबाहेर पडू शकलो नाही. दोन रात्री वाया. मालकाने शांतपणे करारातलं कलम दाखवलं: हवामान आणि बंद रस्ते यांसाठी परतावा नाही. सही माझीच होती. तेव्हापासून ते कलम आधी वाचतो, आणि विमानाने येणारे असतील तर प्रवास विमा काढायला लावतो. तुम्ही भाड्याची गाडी घेणार असाल तर टायरचंही बघा. १ सप्टेंबर ते ३१ मे डेन्व्हरहून वर जाणाऱ्या आय-७० महामार्गाच्या डोंगरी टप्प्यात बर्फाला चालतील असे टायर किंवा साखळ्या सोबत हव्यात, असा नियम आहे.

नाताळ ते नववर्ष हा सगळ्यात महागडा आठवडा, तेव्हा घासाघीस विसरा. जानेवारीच्या मध्यावर, मार्टिन ल्यूथर किंगची सुट्टी टाळून आलात तर मालक स्वतःहून कमी करतात.

आणि कुकर घरून आणा. गाव ९६०० फुटांवर आहे, पाणी नव्वद अंशांच्या आसपासच उकळतं. पहिल्या वर्षी आम्ही तूरडाळ पातेल्यात दीड तास ठेवली होती, दाणा न् दाणा वेगळा. शेवटी फोडणी तरी देऊ म्हणून हिंग-मोहरी टाकली तर धुराचा अलार्म वाजला, आणि बाहेर उणे पंधरा असताना सगळ्या खिडक्या उघडून आम्ही टॉवेलने वारा घालत उभे.