हजारो वर्षं तीच ती चित्रं काढणारे इजिप्तचे चित्रकार: कलावंत की कारागीर?

तुमचा प्रश्न असा आहे: प्राचीन इजिप्तच्या थडग्यांमधली चित्रं दोन-अडीच हजार वर्षं जवळजवळ सारखीच दिसतात, मग ती काढणाऱ्यांना कलावंत म्हणायचं की साचा गिरवणारे कारागीर?

मी त्यांना कलावंत म्हणेन, आणि अव्वल दर्जाचे. सारखेपणा आहे, तो नाकारत नाही. पण भिंतीवर नेमकं काय सारखं राहिलं आणि काय बदलत गेलं, हे वेगवेगळं पाहिलं की उत्तर आपोआप सापडतं.

सारखी राहिली ती मुख्यतः थडग्याच्या मालकाची आकृती. चेहरा बाजूने, डोळा समोरून, खांदे समोरून, पाय पुन्हा बाजूने. जो अवयव ज्या बाजूने सगळ्यात स्पष्ट ओळखू येतो, त्या बाजूने तो काढायचा. कारण या चित्राला मेलेल्या माणसाच्या कामी यायचं होतं. भिंतीवरचा तो माणूस त्याच्या वतीने नैवेद्य स्वीकारणार, शेतीवर नजर ठेवणार, शिकारीला जाणार. त्याचं शरीर अपुरं राहून चालणार नव्हतं. लोक हे किती खरं मानत, याचा पुरावा दक्षिण इजिप्तमधल्या लक्सर शहराजवळ, नाईलच्या पश्चिम तीरावर, मेन्ना नावाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यात आहे. त्याच्या वैऱ्यांनी चित्रातल्या मेन्नाचे डोळे खरवडून काढलेत. परलोकात त्याला दिसू नये म्हणून!

या आकृतीचं मापही ठरलेलं होतं. भिंतीवर लाल रंगात बुडवलेल्या दोरीने सूत मारून चौकोन पाडत. मध्य राज्यकाळापासून (सुमारे इ.स.पू. २०००) उभा माणूस तळपायापासून कपाळावरच्या केसांच्या रेषेपर्यंत १८ चौकोनांत बसवायचा, बसलेला १४ चौकोनांत. पण हे चौकोन हात बांधून टाकत नव्हते. लक्सरजवळच्या राजांच्या दरीत, म्हणजे राजांच्या दफनभूमीत, होरेमहेब या राजाचं थडगं अर्धवट राहिलंय. तिथे लाल रेघेतलं कच्चं रेखाटन दिसतं आणि त्यावर काळ्या रेघेने केलेल्या दुरुस्त्याही दिसतात. माप तेच, तरी कुणाला तरी एखादी रेघ पटली नाही, म्हणून त्याने ती पुन्हा काढली. नुसता साचा गिरवणाऱ्याला अशी गरज पडत नाही.

मालकापासून नजर जितकी दूर न्याल, तितका चित्रकाराचा हात मोकळा होतो. नोकर, वादक, शेतमजूर, जनावरं, पक्षी यांना परलोकाचे नियम इतके घट्ट लागू नव्हते. माझ्या मते खरी मजा इथेच आहे.

नेबामूनचं उदाहरण घ्या. आमून देवाच्या देवळातल्या धान्याचा हिशेब ठेवणारा हा लेखनिक, काळ सुमारे इ.स.पू. १३५०. त्याचं थडगं नेमकं कुठे होतं हे आज कुणालाच ठाऊक नाही, पण भिंतीचे कापून आणलेले तुकडे ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्यातल्या एका तुकड्यावर तो पपायरसच्या होडीत उभा राहून पक्ष्यांची शिकार करतोय, सोबत बायको आणि मुलगी. हा प्रसंग तेव्हाच हजार वर्षं जुना होता; पिरॅमिडच्या काळातल्या थडग्यांमध्येही तो आहे. नेबामून स्वतः अगदी नियमात उभा आहे. पण त्याच्या पुढ्यातलं ते पिवळसर पट्टेरी मांजर बघा. एक पक्षी तोंडात, आणखी दोन पंजांत, केसाळ अंगावर बारीक बारीक फटकारे, आणि डोळ्यात चक्क सोन्याचा वर्ख! आजूबाजूला फुलपाखरं, पंखांवरचे ठिपकेसुद्धा काढलेले. त्याच थडग्यातल्या मेजवानीत चार बायका जमिनीवर बसून गाणंबजावणं करताहेत आणि त्यातल्या दोघींचे चेहरे थेट समोरून रंगवलेत. इजिप्शियन चित्रकलेत समोरून काढलेला चेहरा फार क्वचित सापडतो. हा चित्रकार कोण होता, ते कुठेही लिहिलेलं नाही. मला त्याची हुरहूर लागते.

वजीर रेखमिरेच्या थडग्यातही असाच एक क्षण आहे. मेजवानीत पेय वाढणारी एक दासी आपल्याकडे पाठ करून, तिरकी वळलेली आहे. ओळीने बसलेल्या त्या सगळ्या शिस्तबद्ध बायकांमध्ये तेवढी एकच आकृती खरोखर वळते.

या लोकांना आपल्या कसबाची जाणीव होती का? होती, आणि अभिमानही. राजा मेंतुहोतेप दुसऱ्याच्या काळातल्या इर्तिसेन नावाच्या कारागिराची शिळा पॅरिसच्या लूव्रमध्ये आहे. पुरुषाची उभं राहण्याची ढब, बाईची चाल, पाणघोड्यावर भाला उगारलेला हात, हे सगळं कसं दाखवायचं ते आपल्याला ठाऊक आहे, असं तो त्यात सांगतो. ही विद्या आपण आणि आपला थोरला मुलगा सोडून दुसऱ्या कुणाला येत नाही, असंही ठणकावतो. त्याच्याही कित्येक शतकं आधी, इ.स.पू. २६००च्या आसपास, मैदूमला नेफरमाआत नावाच्या राजपुत्राने दगडात आकृत्या खोल कोरून त्यात रंगीत लगदा भरण्याची नवीच रीत काढली आणि शेजारी कोरून ठेवलं की ही चित्रं पुसली जाणार नाहीत. दुर्दैवाने लगदा वाळून बऱ्याच ठिकाणी गळून पडला आणि ती रीत पुढे रुजली नाही. त्याची बायको इतेत हिच्या दालनात मात्र गिलाव्यावर नेहमीसारखे रंग वापरले. कैरोच्या संग्रहालयातले ते प्रसिद्ध हंस तिथलेच.

मोठा बदल बघायचा असेल तर रामोसेच्या थडग्यात जा. हा अमेनहोतेप तिसरा आणि त्याचा मुलगा अखेनातेन अशा दोघांचा वजीर. एका भिंतीवर चुनखडीत कोरलेले मेजवानीचे पाहुणे आहेत. केसांच्या टोपातली बट न् बट मोजावी इतकं नाजूक काम, आणि रंग फक्त डोळ्यांच्या कडांना. दुसऱ्या भिंतीवर रडणाऱ्या बायकांचा घोळका रंगात, त्यात एक लहानगी मुलगी. आणि मागच्या भिंतीवर दाराच्या एका बाजूला नवा राजा अखेनातेन जुन्या शैलीत, सत्याची देवी माआत हिच्यासह सिंहासनावर. दुसऱ्या बाजूला तोच राजा राणी नेफरतितीसोबत, वर आतेन या सूर्यदेवाचं बिंब आणि त्याचे हात फुटलेले किरण, शरीरं लवचिक, पोटं सुटलेली. काही वर्षांच्या अंतरात, एकाच भिंतीवर. राजाने नवी शैली मागितली आणि ती करून दाखवणारे हात तयार होते. ते आधी जुनं करत होते कारण जुनं मागितलं जात होतं.

आता तुमच्या प्रश्नातला 'साचा गिरवणं' हा भाग. नक्कल होत होती, पण तीही निवडून. मेन्नाच्याच थडग्यात, इ.स.पू. १४००च्या सुमारास, सुगीची एक भिंत आहे. धान्य मोजणारे लेखनिक, मळणी, वगैरे सगळं रिवाजाप्रमाणे. पण कोपऱ्यांत बघा. सरवा वेचणाऱ्या दोन मुली भांडून एकमेकींच्या झिंज्या उपटताहेत. एक मुलगी दुसरीच्या पायातला काटा काढतेय. झाडाखाली एक बाई बाळाला झोळीत घेऊन बसलीय. शेतावर गेलेल्या माणसाला हे प्रसंग कुठेही दिसले असते, पण थडग्याच्या भिंतीवर सहसा कुणी काढत नसे.

सुमारे ७०० वर्षांनी थीब्सचा (म्हणजे आजच्या लक्सरचा) बलाढ्य अधिकारी मोंतुएमहत याने स्वतःचं थडगं खोदवलं. त्याच्या कारागिरांपुढे डोंगरभर जुनी थडगी होती. देवांच्या मिरवणुका, नैवेद्याच्या राशी, हवं ते उचलता आलं असतं. त्यांनी काटा काढणाऱ्या मुली उचलल्या, आणि झाडाखालची बाई व बाळ. कोण्या एका चित्रकाराने कोपऱ्यात केलेलं निरीक्षण एव्हाना परंपरेचा भाग झालं होतं. मेन्नाकडे ते रंगात आहे, इथे दगडात उठावाने कोरलेलं. मोंतुएमहतच्या थडग्यातला तो तुकडा आता न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन म्युझियममध्ये आहे आणि त्याचा फोटो इंटरनेटवर सहज मिळतो. मेन्नाच्या भिंतीचा फोटो शेजारी ठेवून दोन्ही निवांत बघा. मला मेन्नाच्या मुली जास्त जिवंत वाटतात. तुम्हाला काय वाटतं ते जरूर कळवा.