सावली एक, इंग्रजी शब्द दोन

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यातील एका शाळेत आठवीला इंग्रजी शिकवते. ‘शेड’ आणि ‘शॅडो’ या दोन्ही शब्दांचा अर्थ मुले ‘सावली’ असाच लिहितात आणि मग निबंधात ‘आम्ही झाडाच्या शॅडोमध्ये डबा खाल्ला’ अशा अर्थाची वाक्ये येतात. हा फरक मुलांना कसा समजावून सांगावा?

उत्तर : मुलांची चूक स्वाभाविक आहे, कारण ‘सावलीत बस’ आणि ‘भिंतीवर त्याची सावली पडली’ या दोन्ही ठिकाणी मराठीला एकच शब्द पुरतो. इंग्रजीत पहिली सावली ‘शेड’ आणि दुसरी ‘शॅडो’. ‘शेड’ म्हणजे ऊन न पोचणारी जागा आणि तेथे मिळणारा आडोसा. तिच्या आकाराकडे कोणाचे लक्ष नसते आणि या अर्थाने ती एक-दोन अशी मोजतही नाहीत. ‘शॅडो’ला मात्र ज्या वस्तूने उजेड अडवला तिचा आकार असतो, ती लांबते, आखडते, माणसाबरोबर चालते. म्हणून वाटसरू वडाच्या ‘शेड’मध्ये विसावतो आणि त्याच वडाची ‘शॅडो’ संध्याकाळी बांधापलीकडे पोचते. रंगाची ‘शेड’ म्हणजे छटा, आणि पत्र्याच्या ‘शेड’चे इंग्रजी स्पेलिंगच निराळे आहे, हेही मुलांना एकदा सांगून टाकावे, कारण देवनागरीत तिन्ही सारखेच दिसतात.

तुमच्या जिल्ह्यात तर हा फरक भूगोलाच्या तासालाच हाती लागतो. नैर्ऋत्य मोसमी वारे घाटमाथ्यावर पाऊस पाडतात आणि पूर्वेकडे उतरताना कोरडे होतात. माण-खटावच्या या कमी पावसाच्या भागाला आपण पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतो. इंग्रजीत तो ‘रेन शॅडो’ आहे, ‘रेन शेड’ नव्हे. प्रकाश अडवणाऱ्या वस्तूमागे जशी तिची सावली पडते, तसाच पाऊस अडवणाऱ्या डोंगरामागे हा पट्टा पडलेला आहे, आणि ‘शेड’ या शब्दातला दिलासा तर तेथे मुळीच नाही.

दुसरा प्रयोग मे महिन्यात, शून्य सावलीच्या दिवशी करता येईल. त्या दिवशी मध्यान्ही सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या काठीची सावली दिसेनाशी होते. मुलांना त्या वेळी आंब्याखाली उभे करावे. काठीची ‘शॅडो’ नाहीशी झाली, तरी आंब्याची ‘शेड’ पायांखाली तशीच असते. ज्या मुलाने हे एकदा डोळ्यांनी पाहिले, त्याला व्याख्या पाठ करावी लागणार नाही, असे मला मनापासून वाटते.

आता या शब्दांच्या जन्माविषयी थोडे, कारण मराठी मुलाला ते इतरांपेक्षा लवकर कळेल. हे मुळात दोन शब्द नव्हतेच. हजारएक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत नामाची विभक्तीनुसार रूपे होत असत. आपल्याकडे ‘घोडा’ हे मूळ रूप आणि प्रत्यय लागण्यापूर्वीचे ‘घोड्या’ हे सामान्यरूप, तसाच काहीसा तो प्रकार होता. सावलीसाठी असलेल्या एकाच नामाच्या प्रथमेतील रूपापासून ‘शेड’ आले आणि इतर विभक्तींतील, ‘व’कार असलेल्या रूपापासून ‘शॅडो’ आले. पुढे इंग्रजीतून या विभक्ती झडल्या, पण दोन्ही रूपे उरली आणि त्यांनी कामे वाटून घेतली. उद्या मराठीतून प्रत्यय गेले आणि ‘घोडा’ व ‘घोड्या’ हे दोन वेगळ्या अर्थांचे शब्द होऊन बसले, तर जे होईल तेच येथे झाले आहे. गवताळ कुरणासाठी असलेले ‘मीड’ आणि ‘मेडो’ हे शब्दही असेच एका नामाची दोन रूपे आहेत. त्यांतले ‘मीड’ आता फक्त जुन्या कवितेत भेटते.

प्रश्न : मिक्सर घेताना दुकानदार म्हणाले, “गॅरंटी नाही, वॉरंटी आहे.” गॅरंटीत वस्तू बदलून मिळते आणि वॉरंटीत दुरुस्त करून मिळते, असे त्यांनी सांगितले. शब्दांचे अर्थ खरोखरच असे आहेत का?

उत्तर : बाजारात असा संकेत रूढ आहे, परंतु शब्दांच्या अर्थात तो नाही. हे दोन्ही शब्द एकाच जर्मानिक मुळाचे आहेत आणि दोन्ही फ्रेंचमार्गे इंग्रजीत आले. उत्तर फ्रान्समधील नॉर्मन बोलीत आरंभीचा ‘व’ टिकला, तर पॅरिसकडील फ्रेंचमध्ये त्याचा ‘ग’ झाला. इ. स. 1066 मध्ये नॉर्मनांनी इंग्लंड जिंकले, तेव्हा त्यांच्याबरोबर ‘व’ची रूपे आली, आणि ‘ग’ची रूपे पुढे पॅरिसच्या फ्रेंचच्या प्रभावाने आली. ‘वॉर्डन’ आणि ‘गार्डियन’ ही जोडीही तशीच आहे. वसतिगृहाच्या प्रवेशअर्जावर पालक म्हणून एकाने सही करायची आणि व्यवस्थापक म्हणून दुसऱ्याने शिक्का मारायचा, पण नावे दोघांचीही ‘राखणारा’ या एकाच अर्थाची!

कायद्यात मात्र हे शब्द स्पष्टपणे वेगळे झाले आहेत. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 126 मध्ये ‘गॅरंटी’ म्हणजे तिसऱ्या व्यक्तीने आपली जबाबदारी पार पाडली नाही, तर ती आपण पार पाडू, असा करार. कर्जाला जामीन राहणारा माणूस देतो ती ही हमी. मालविक्री कायदा, 1930 च्या कलम 12 नुसार ‘वॉरंटी’ ही विक्रीच्या मुख्य हेतूला जोडून असलेली दुय्यम अट आहे. ती मोडल्यास नुकसानभरपाई मागता येते, पण केवळ तेवढ्यावरून माल नाकारता येत नाही. वस्तू बदलून आणि दुरुस्त करून, अशी विभागणी यांपैकी कोणत्याही कलमात नाही. म्हणून कार्डाच्या मथळ्यावर विसंबू नये. किती महिने, कोणते भाग आणि बदलून की दुरुस्त करून, हे खाली बारीक अक्षरांत लिहिलेले असते. ते पैसे देण्यापूर्वी वाचावे, आणि दुकानदारांनी तोंडी जास्त काही सांगितले असेल, तर ते बिलावर लिहून घ्यावे.

प्रश्न : ‘हिस्टॉरिक’ आणि ‘हिस्टॉरिकल’ या दोहोंसाठी मराठीत ‘ऐतिहासिक’ हाच शब्द चालतो का?

उत्तर : चालतो, आणि म्हणूनच मराठीतून इंग्रजीत जाताना घोटाळा होतो. इतिहासाशी संबंधित ते ‘हिस्टॉरिकल’ आणि इतिहासात महत्त्वाचे ठरलेले किंवा ठरणारे ते ‘हिस्टॉरिक’. रायगडावर 6 जून 1674 रोजी झालेला राज्याभिषेक ‘हिस्टॉरिक’ आहे. त्यावर आज कोणी कादंबरी लिहिली, तर ती ‘हिस्टॉरिकल’ असेल.