नाशकात घर घ्यायचंय, कुठे घेऊ?

प्रश्न

ताई, सप्रेम नमस्कार.

आम्ही बेने इस्रायल, म्हणजे मराठी यहुदी, ठाण्याचे. टेंभी नाक्याजवळच्या आमच्या सिनेगॉगपासून दहा मिनिटांच्या चालीवर राहतो. यांना अंबडच्या एका कंपनीत चांगली नोकरी लागली आहे. कंपनीला सुट्टी शनिवारी असते, हे कळल्यावर सासूबाईही यायला तयार झाल्या. आम्ही दोघं, सासूबाई, सातवीतली मुलगी आणि आठ वर्षांचा मुलगा असं आमचं घर. मुलाला ऑटिझम आहे. मोजके शब्द बोलतो. कुकरची शिट्टी, फटाके, ढोल ऐकला की कानांवर हात ठेवून खाली बसतो, नाहीतर दार उघडून पळत सुटतो. आगगाडी मात्र त्याला प्राणापलीकडे आवडते. सासूबाई शब्बाथ कडक पाळतात. शुक्रवारी दिवे लागले की शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत चूल नाही, विजेचं बटण नाही, लिफ्ट नाही.

नाशिकला सिनेगॉग नाही हे ठाऊक आहे, सणांना ठाण्याला येऊ. तीन घरं पाहिली आहेत. गंगापूर रोडला नवव्या मजल्यावर मोठा फ्लॅट, इंदिरानगरला जुन्या लहान सोसायटीत पहिला मजला, आणि देवळाली कॅम्पला बंगल्याचा तळमजला. सगळे म्हणतात, डोळे मिटून गंगापूर रोड घ्या. मला देवळालीची शांतता भावली. काय करावं? आणि सोसायटीतल्या लोकांना मुलाबद्दल आणि आमच्या धर्माबद्दल आधीच सांगावं, की हळूहळू कळू द्यावं?

एक आई, ठाणे

उत्तर

तुमचं पत्र वाचताना मी अलिबागला जाऊन आले. माझं माहेर तिथल्या इस्रायल आळीपासून दोन गल्ल्या पलीकडे. शुक्रवारी तिन्हीसांजेला आळीत दिवे लागले की आई मला बजावायची, “आता मावशींकडे विरजण मागायला जायचं नाही, उद्या रात्रीपर्यंत.” कोकणात तेलाचे घाणे चालवणाऱ्या आणि शनिवारी ते बंद ठेवणाऱ्या तुमच्या पूर्वजांना लोक ‘शनिवार तेली’ म्हणायचे, ही गोष्ट मी शाळेत जाण्याआधी शिकले. पुढे लग्न होऊन नाशकात आले आणि ३१ वर्षं विशेष मुलांना शिकवलं. त्यामुळे तुमच्या घरातली दोन माणसं, शब्बाथ पाळणारी आजी आणि कान झाकून घेणारा नातू, ही दोन्ही मला परकी नाहीत.

उत्तर आधीच सांगून टाकते. इंदिरानगर घ्या.

गंगापूर रोड उत्तम वस्ती आहे यात वाद नाही. पण तुमच्यासाठी ते घर नवव्या मजल्यावर आहे, आणि माझ्या लेखी प्रश्न तिथेच संपतो. सासूबाई शनिवारी लिफ्ट वापरत नाहीत. नऊ जिने त्या उतरतील का? उतरल्या तरी चढतील का? म्हणजे आठवड्यातला जो दिवस त्यांना सगळ्यांत प्रिय, त्या दिवशी त्या घरात कोंडल्या जाणार. ठाण्यात त्या सिनेगॉगला चालत जात असतील, दहा माणसं भेटत असतील. इथे मिन्यानला, म्हणजे सामूहिक प्रार्थनेला लागणारे, दहा पुरुष जमवणं कठीण, तेव्हा निदान नातवाचा हात धरून खाली बागेत तरी जाता यावं. आणि पळत सुटणाऱ्या मुलासाठी नववा मजला म्हणजे गॅलरी, खिडक्या, गच्ची. जाळ्या बसवता येतात, पण जाळी बसवून झोप लागते असं नाही.

गंगापूर रोडबद्दल आणखी एक, आणि हे कुणी इस्टेट एजंट सांगणार नाही. तो रस्ता गोदावरीच्या काठाकाठाने जातो. ऑटिझम असलेल्या बऱ्याच मुलांना पाण्याची विलक्षण ओढ असते, आणि घरातून निघून गेलेल्या अशा मुलांना सगळ्यांत मोठा धोका पाण्याचाच असतो. माझा एक विद्यार्थी दोनदा नदीच्या दिशेनेच सापडला. दोन्ही वेळा देवाची कृपा झाली. तुमच्या पत्रात ‘दार उघडून पळत सुटतो’ हे वाचलं आणि पहिल्यांदा मला तेच आठवलं. घर कुठलंही घ्या, इमारतीच्या जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीचं झाकण स्वतः उचलून बघा. ते आठ वर्षांच्या मुलाला उचलता येत असेल तर कुलूप लावून घेतल्याशिवाय सामान हलवू नका.

आता आवाज. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण नाशकात येणाऱ्यांना याची कल्पना नसते. ‘नाशिक ढोल’ हे नाव तुम्ही वरातीत ऐकलं असेल. तो ढोल गणपतीच्या दहा दिवसांपुरता नसतो, पथकांचा सराव कितीतरी आठवडे आधी सुरू होतो, मोकळ्या मैदानांवर, संध्याकाळी. विसर्जनाची मुख्य मिरवणूक वाकडी बारवेपासून निघते आणि जुन्या नाशकातून पंचवटीकडे जाते, तो भाग तुमच्या यादीत नाही हे बरंच आहे. पण गंगापूर रोडला लॉन्स आहेत. लग्नसराईत तिथली गाणी बंद खिडकीतूनही येतात.

देवळालीची शांतता तुम्हाला भावली, ती खरी आहे. छावणीचा भाग, उंच इमारती नाहीत, झाडं आहेत, हवा थंड. मीही उन्हाळ्यात संध्याकाळी तिकडे फिरायला जाते. पण देवळालीत लष्कराचं तोफखान्याचं प्रशिक्षण चालतं. गोळाबाराच्या सरावाचा दिवस असला की लांबून धडाम् आवाज येतो, कधी खिडकीची तावदानं थरथरतात. तिथे वाढलेल्या लोकांना त्याचं काही वाटत नाही. माझ्या वर्गात तिकडून येणारी एक मुलगी मात्र अशा दिवशी शाळेत पोचायची तीच घामाने चिंब होऊन. ढोलाची निदान तारीख माहीत असते, मुलाला कॅलेंडरवर चित्र लावून सांगता येतं की आज ढोल. तोफेचं तसं सांगता येत नाही. आपल्या मुलांना मोठा आवाज जितका त्रास देतो, त्याहून जास्त अचानक येणारा आवाज देतो.

इंदिरानगर काही मुनींचा आश्रम नाही. तिथेही गणपती बसतात, महामार्ग जवळ आहे. पण आतल्या गल्ल्यांमधल्या जुन्या, लहान सोसायट्या बऱ्यापैकी निवांत असतात, आणि सकाळी मुलाला घेऊन चालायला जॉगिंग ट्रॅक आहे. घर महामार्गापासून आत, वडाळा-पाथर्डी रस्त्याच्या बाजूला आहे का ते पाहा. आणि दोन वेळा जाऊन या: एकदा कामाच्या दिवशी सकाळी आठला, एकदा लग्नतिथीच्या रविवारी रात्री आठला. मुलाला दोन्ही वेळा बरोबर न्या. त्याचे हात कानांकडे जातात का, एवढंच बघा.

यानंतर तुमच्या यजमानांचा रस्ता. नाशकात सूर्य डिसेंबरात सहाच्या आतबाहेर मावळतो, जूनमध्ये सव्वासातच्या सुमारास. म्हणजे हिवाळ्यात शुक्रवारी त्यांना कंपनीतून थेट घरी, आणि दिवे लागायच्या आत पोचलं पाहिजे. अंबडहून इंदिरानगर जवळ आहे. अडचण एकच, इंदिरानगरचा बोगदा. महामार्गाखालचा तो बोगदा संध्याकाळी असा तुंबतो की दहा मिनिटांच्या रस्त्याला पाऊण तास लागतो. पाथर्डी फाट्याकडून किंवा राणेनगरकडून यायचं, आणि हे पहिल्या आठवड्यातच ठरवून टाकायचं. देवळालीहून अंबड रोज करणं जमेल, पण शुक्रवारी धाकधूक राहील.

शाळेचं उलट आहे. ती घराआधी ठरवायची. लोक घर घेतात आणि मग शाळा शोधतात, आणि मग मूल रोज दीड तास गाडीत बसतं. नाशिक रोड किंवा देवळालीहून शहरातल्या शाळेत जायचं तर द्वारका चौक लागतो, आणि द्वारकेला शाळेची गाडी अडकली की आतली मुलं बिथरतात. मी तशी गाडी पाच वर्षं केली आहे. घरापासून शाळा वीस मिनिटांच्या आत हवी, हा माझा हट्ट समजा. नाशकाला विशेष शिक्षणाची जुनी परंपरा आहे. रजनीताई लिमये यांनी १९७७ साली इथे विशेष मुलांची ‘प्रबोधिनी’ शाळा सुरू केली, तेव्हा अशी मुलं बहुतेक घरांत मागच्या खोलीतच वाढत होती. आज पर्याय अधिक आहेत, पण ‘बौद्धिक दिव्यांग मुलांची शाळा’ आणि ‘ऑटिझमचं काम जाणणारी शाळा’ यात फरक असतो. वर्गात तासभर बसू द्या म्हणा. बसू देत नसतील तर निघून या. शिक्षकांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, ते विचारा. मूल रडायला लागल्यावर बाई काय करतात, ते बघा. आणि शनिवारचं आधीच लेखी मागून घ्या. बऱ्याच शाळा शनिवारी अर्धा दिवस भरतात. शांतपणे सांगितलंत तर मुख्याध्यापिका समजून घेतात, हा माझा अनुभव आहे.

सर्वसाधारण शाळेत घालायचा विचार असेल तर २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा तुमच्या बाजूने आहे: चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. ठाण्यात काढलेलं यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, इथेही चालतं, नव्याने काढायला जाऊ नका. ‘निरामय’ आरोग्य विमा काढला नसेल तर काढा. वर्षाला एक लाखापर्यंत संरक्षण मिळतं, त्यात थेरपीचाही काही खर्च बसतो. शाळेच्या अर्जात धर्माच्या रकान्यात ‘इतर’ लिहून मोकळं होऊ नका, ‘यहुदी’ असंच लिहा. २०१६ मध्ये महाराष्ट्र सरकारने तुमच्या समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला आहे, तो कागदावर दिसू दे. मुलीची शाळाही याच वेळी बघा. भावाची सोय होईपर्यंत ती गप्प बसेल, अशा बहिणी मी पुष्कळ पाहिल्या आहेत.

सिनेगॉग नसलेल्या गावात मुलावर काय संस्कार होतील, हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण ओळींच्या मधे ते मला दिसलं. बाई, तुमच्या हातात एक फार मोठी गोष्ट आहे. आम्ही शिक्षिका कार्डांवर चित्रं चिकटवून मुलांना जो क्रम शिकवतो, तो तुमच्या घरात दर शुक्रवारी आपोआप चालतो: आंघोळ, पांढरा टेबलक्लॉथ, दिवे, प्रार्थना, काळ्या मनुकांचं शरबत, जेवण. तीच भांडी, तेच सूर. आपल्या मुलांना याहून आवडणारं काही नसतं. फक्त घड्याळावर शिकवू नका, सूर्यास्त रोज सरकतो. ‘दिवा लागला’ हे चित्र करा. मनुका इथल्या बाजारात सुरेख मिळतात, शुक्रवारी सकाळी भिजत घालायचं काम त्यालाच द्या. कुकर गुरुवारीच, किंवा तो शाळेत असताना. आणि एलियाहू हन्नाबीचा, म्हणजे प्रेषित एलियाहूच्या नावाचा, मलिदा करा तेव्हा पोहे, गूळ, खोबरं आधी वेगवेगळ्या वाट्यांत द्या. यातली बरीच मुलं मिसळलेलं खात नाहीत, सुटं खातात.

सणांना ठाण्याला जायचं तर नाशिक रोडहून सकाळची पंचवटी एक्सप्रेस आहे. इंदिरानगरहून वडाळ्याच्या बाजूने पुणे रोडला निघालात तर द्वारका टळते. पंचवटीला पासधारकांची गर्दी असते, आरक्षण करूनच जा. बौद्धिक दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र असेल तर मुलाला आणि सोबतच्या एका माणसाला तिकिटात सवलत मिळते. कसारा घाटात बोगदे लागतात, तिथे आवाज एकदम चढतो. बोगद्याआधी हेडफोन चढवायची सवय लावा. परतीच्या गाडीला कसाऱ्याला घाट चढण्यासाठी जादा इंजिनं जोडतात. तुमच्या मुलाला त्या थांब्याची ओढ लागेल, बघा.

सांगावं की नाही? सांगा, पहिल्याच आठवड्यात, आणि दोन्ही गोष्टी एकाच वेळी सांगू नका. मुलाबद्दल आधी. एका सोसायटीत माझ्या विद्यार्थ्याच्या आईने सहा महिने लपवलं. मग एकदा तो बागेत ओरडला, आणि चिठ्ठी आली की मुलाला बागेत आणू नये. ती चिठ्ठी मागे घ्यायला लावली आम्ही, पण त्या बाईने नंतर बाग सोडलीच. तुम्ही तसं होऊ देऊ नका. वॉचमनला, शेजारच्या दोन घरांना आणि कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराला मुलाचा फोटो आणि तुमचा नंबर द्या, ‘एकटा दिसला तर हाक मारू नका, हळू मागे जा आणि मला फोन करा’ एवढं सांगा. धर्माचं दारावरचा मेझुझा, चौकटीवरची ती प्रार्थनेची डबी, सांगेल. कुणी विचारलं तर मलिदा खायला बोलवा. आमच्या आईला अलिबागेत असंच कळलं होतं.

आणि घर विकत घेण्याची घाई नको. आधी अकरा महिन्यांचा भाडेकरार करा, म्हणजे त्या गल्लीतला एक गणपती, एक दिवाळी आणि एक लग्नसराई तुमच्या मुलाच्या कानांवरून जाईल.