नसांची गोळी आणि झोप लागताना उडणारं अंग

नागीण, सायटिका, मधुमेहामुळे होणारी तळपायाची आग यांवर प्रिगाबालिन किंवा गॅबापेंटिन घेणाऱ्या वाचकांची बरीच पत्रं या वेळी आली आहेत. तक्रार थोड्याफार फरकाने एकच: डोळा लागता लागता हात-पाय उडतात. त्यातली चार पत्रं आणि त्यांची उत्तरं इथे देत आहोत.

प्रश्न: आई ६८ वर्षांची, वजन ४६ किलो. गेल्या पावसाळ्यात कमरेवर नागीण उठली. फोड सुकले, पण आग राहिली म्हणून प्रिगाबालिन ७५ मिलिग्रॅम सकाळ-रात्र चालू आहे. महिनाभर झालं, डोळा लागतो न लागतो तोच तिचा पाय उडतो. गुडघ्यासाठी ती मधूनमधून डायक्लोफिनॅक घेते. क्रिएटिनिन १.२ आलं, थोडं वर आहे, पण काळजीचं नाही असं लॅबमध्ये सांगितलं. अलीकडे दिवसाही हातातून कपबशी सुटते. हे वयामुळे असेल का? — वाचक, देवगड

उत्तर: कपबशीचं तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिलंत, पण सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे. झोप लागताना एखादा झटका धडधाकट माणसालाही येतो. तो जागेपणी, हातात वस्तू असताना यायला लागला तर वयावर ढकलून चालणार नाही. औषध अंगात साठतंय का, ते आधी बघायचं.

प्रिगाबालिन आणि गॅबापेंटिन यकृतात मोडत नाहीत. जशीच्या तशी लघवीवाटे बाहेर पडतात, म्हणजे सगळा भार किडनीवर. किडनी चांगली असेल तर रक्तातलं प्रिगाबालिन साधारण सहा तासांत निम्म्यावर येतं. किडनी मंद झाली की सकाळची गोळी पुरती निघून जायच्या आत रात्रीची पोटात जाते.

आता १.२ या आकड्याकडे बघू. क्रिएटिनिन हा स्नायूंतून तयार होणारा टाकाऊ पदार्थ, तो किडनीवाटे बाहेर पडतो. किरकोळ अंगाच्या वयस्कर बाईच्या अंगात स्नायूच कमी, त्यामुळे किडनी अर्धी मंदावली तरी आकडा फारसा वर जात नाही. म्हणून किडनी मिनिटाला किती रक्त साफ करते, याचा हिशोब डॉक्टर वय आणि वजन धरून करतात. तो घरीही मांडता येतो: १४० मधून वय वजा करा, आलेल्या संख्येला वजनाने गुणा, मग क्रिएटिनिनच्या ७२ पटीने भागा. बाई असेल तर शेवटी ०.८५ ने गुणा. तुमच्या आईंचं गणित असं: १४० वजा ६८ म्हणजे ७२, गुणिले ४६ म्हणजे ३,३१२. भागिले ८६.४, आले ३८. त्याला ०.८५ ने गुणलं की मिनिटाला ३३ मिलिलिटरच्या आत-बाहेर.

हा आकडा ६० च्या खाली गेला की प्रिगाबालिनचा डोस साधारण निम्मा करतात, ३० च्या खाली गेला की आणखी निम्मा. ३० ते ६० मध्ये दिवसाला ३०० मिलिग्रॅमच्या वर जायचं नाही, १५ ते ३० मध्ये १५० च्या वर नाही. आईंचे १५० कमाल मर्यादेत बसतात खरे, पण त्यांच्या अंगात ते चांगल्या किडनीच्या माणसाने ३०० घेतल्यासारखे पडताहेत. त्यात आकडा ३३, म्हणजे काठावरच. एकदा जुलाब झाले, मे महिन्यात पाणी कमी पडलं, तरी तो ३० च्या खाली उतरतो.

डायक्लोफिनॅक आजपासून बंद. एसिक्लोफिनॅक आणि आयब्युप्रोफेनही त्याच माळेतल्या. या गोळ्यांनी किडनीकडे जाणारं रक्त कमी होतं, आणि सोबत रक्तदाबाची किंवा लघवी होण्याची गोळी चालू असेल तर जास्तच. गुडघ्यासाठी पॅरासिटामॉल चालेल, मात्र दिवसाची मात्रा डॉक्टरांना विचारून ठरवा.

मग घरातली औषधांची पिशवी पलंगावर रिकामी करा आणि प्रत्येक पाकिटामागचं बारीक अक्षरातलं नाव वाचा. कोकणात हे हमखास घडतं: एक औषध गावातल्या डॉक्टरांनी दिलेलं, दुसरं मुंबईच्या डॉक्टरांनी लिहिलेलं आणि चाकरमानी मुलाने गणपतीला येताना तीन महिन्यांचं आणलेलं. कंपनी वेगळी, रंग वेगळा, आत दोन्हीकडे प्रिगाबालिनच. नावापुढे ‘एम’ असेल तर सोबत मिथाइलकोबालामिन असतं, त्याने झटके येत नाहीत. ‘एनटी’ असेल तर नॉरट्रिप्टिलिन असतं, म्हणजे मुळात नैराश्यावरचं पण नसांच्या दुखण्यावरही देतात ते औषध. त्याने येऊ शकतात. ट्रॅमाडॉल हे जोरकस वेदनाशामक वेगळं चालू असेल तर तेही डॉक्टरांना मुद्दाम सांगा. एकट्या ट्रॅमाडॉलनेही झटके येऊ शकतात, शिवाय नॉरट्रिप्टिलिन किंवा ड्युलोक्सेटिन (तेही नैराश्यावर आणि नसांच्या दुखण्यावर देतात) यांच्या जोडीला ते आलं की ताप, घाम, धडधड आणि हातापायांचा थरकाप असा प्रकार होऊ शकतो.

एक साधी तपासणी घरी करा. आईंना खुर्चीत बसवा, दोन्ही हात समोर सरळ धरायला सांगा, तळवे रस्त्यावरची गाडी थांबवताना धरतो तसे उभे, बोटं फाकलेली. अर्धा मिनिट बघा. पंजा मध्येच खाली पडून पुन्हा वर येत असेल, तर तिथे स्नायूचा ताण क्षणभर सुटतोय. कपबशी याच्यामुळेच सुटते. औषध साठलं की हे दिसतं. किडनी किंवा यकृत बिघडून रक्तात दोष साठले तरीही दिसतं, म्हणून क्रिएटिनिनसोबत युरिया, सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम आणि साखर बघून घ्यावी. मोबाईलवर व्हिडिओ काढून ठेवा. डॉक्टरांसमोर पाच मिनिटांत झटका येईलच असं नाही.

हे सगळं घेऊन याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा. ते बहुधा डोस निम्म्यावर आणतील, आणि कारण औषध असेल तर काही दिवसांत झटके विरतात. आई बरळायला लागल्या, हाक मारूनही नीट जाग्या होत नाहीत, श्वास संथ झाला, लघवी फारच कमी झाली किंवा तोल जाऊन पडल्या, तर मात्र आठवडा थांबू नका. त्याच दिवशी ओरोसचं जिल्हा रुग्णालय गाठा, गाडी नसेल तर १०८.

प्रश्न: वय ३४, बोटीवर खलाशी. मणक्याची गादी सरकल्यामुळे गॅबापेंटिन ३०० रात्री घेतो. डोळा लागतो आणि बोटीवरून पडल्यासारखं होऊन सगळं अंग दचकतं. एकदाच होतं, मग झोप लागते. गोळी सोडू का? — वाचक, हर्णै

उत्तर: गोळी सोडायचं कारण दिसत नाही. पडल्याचा भास, सगळ्या अंगाचा एकच झटका, मग शांत झोप: हा झोपेच्या दारातला दचका. जागेपणाकडून झोपेकडे जाताना मेंदूचा ताबा एकदम न सुटता टप्प्याटप्प्याने सुटतो, त्या वेळी हा येतो. बहुतेक माणसांना आयुष्यात कधी ना कधी आलेलाच असतो, गोळी न घेताही.

तो वाढतो अपुऱ्या झोपेने, आणि पहाटे तीनला बोटीवर जाणाऱ्याची झोप अपुरीच. दुसरं कारण चहा. चहातलं कॅफिन निम्मं व्हायलाच पाच-एक तास लागतात, त्यामुळे नऊला झोपायचं असेल तर दुपारी दोननंतर चहा नको. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा रोज एकाच वेळी झोपून बघा, दचके कमी झाले तर उत्तर मिळालंच.

तुमच्या धंद्यात आम्हाला जास्त काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. गॅबापेंटिनने गुंगी येते, तोल ढळतो, विशेषतः सुरुवातीचे दिवस आणि डोस वाढवल्यावर. रात्री अकराला गोळी घेऊन तीनला ओल्या फळ्यांवर उभं राहू नका. गोळी संध्याकाळी सातलाच घ्या. आम्लपित्ताचं पातळ औषध घेत असाल तर त्यानंतर दोन तास सोडून घ्या, नाहीतर गोळी अंगी कमी लागते. दारूसोबत अजिबात नाही. दोन्ही मिळून श्वास मंदावतो, आणि झोपेत ते कोणाच्या लक्षात येत नाही.

प्रश्न: झटके येतात म्हणून मी प्रिगाबालिन (१५० सकाळ-रात्र, दीड वर्ष) एकदम बंद केलं. चार दिवस झोप नाही, घाम फुटतो, मळमळतं, झटके उलट वाढले. म्हणजे झटके गोळीचे नव्हतेच ना? — वाचक, चिपळूण

उत्तर: तसा निष्कर्ष आत्ता काढता येणार नाही. तुम्ही लिहिलेला त्रास औषध अचानक तोडल्याचा आहे. दीड वर्ष रोज ३०० मिलिग्रॅमची सवय झालेल्या मज्जातंतूंना एका रात्रीत ते मिळेनासं झालं की झोप उडते, घाम येतो, डोकं दुखतं, जीव घाबरतो. काहींना फिटही येते, मग पूर्वी कधी आलेली असो वा नसो.

आजच डॉक्टरांना फोन करा. बहुतेक वेळा औषध पुन्हा चालू करून पायरीपायरीने उतरवतात. कमीत कमी आठवडा लागतो, इतकी जुनी सवय असेल तर काही आठवडे धरून चाला: उदाहरणार्थ आधी सकाळचे १५० चे ७५, काही दिवस स्थिर राहिलात की रात्रीचे कमी. पण आपल्या मनाने जुना पूर्ण डोस घेऊन मोकळे होऊ नका. किडनी बिघडल्यामुळे मुळातले झटके आले असतील तर तोच डोस पुन्हा घातक. फोनवर पहिलं वाक्य हेच सांगा, ‘आधी झटके होते, म्हणून बंद केलं’, आणि क्रिएटिनिन सांगा. भातलावणीच्या दिवसांत लेप्टो होऊन गेला असेल तर तेही. त्या तापात किडनीला मार बसतो, आणि तापाआधी झेपणारा डोस तापानंतर झेपेलच असं नाही. गोळीच्या नावापुढे ‘एसआर’ किंवा ‘ईआर’ असेल तर ती तोडून अर्धी करायची नाही. ती हळूहळू विरघळावी म्हणून तशी बनवलेली असते. तोडली की सगळं औषध एकदम सुटतं.

उतरवत असताना फिट आली तर कुशीवर वळवा, तोंडात चमचा-कांदा काही घालू नका, आणि १०८ ला फोन.

प्रश्न: मला मधुमेह आहे. पायाच्या आगीसाठी प्रिगाबालिन-नॉरट्रिप्टिलिनची एकत्र गोळी चालू झाल्यापासून अंथरुणात पडलं की पाय हलवल्याशिवाय राहवत नाही. उठून पडवीत चाललं की बरं वाटतं. मिस्टर म्हणतात, झोपेतही मी पाय मारते. — वाचक, सावंतवाडी

उत्तर: हा वरच्या तिघांपेक्षा वेगळा प्रकार. पाय हलवण्याची अनावर ओढ, पडून राहिल्यावर वाढणारी, चालल्यावर कमी होणारी आणि रात्री जास्त, ही अस्वस्थ पायांची लक्षणं आहेत. यात झोपेतले पायाचे झटके ठरावीक अंतराने येतात, बहुधा २० ते ४० सेकंदांनी: अंगठा वर, घोटा वाकतो. मिस्टरांना घड्याळ लावून दहा झटके मोजायला सांगा, तो कागद डॉक्टरांच्या उपयोगाचा.

गंमत अशी, की प्रिगाबालिन याच त्रासावर देतात. संशय येतो तो जोडीच्या नॉरट्रिप्टिलिनवर. त्या गटातल्या औषधांनी पायांची अस्वस्थता वाढू शकते. एकत्र गोळीत एक घटक कमी करता येत नाही, म्हणून नुसत्या प्रिगाबालिनवर येता येईल का ते डॉक्टरांना विचारा. सर्दीच्या आणि अ‍ॅलर्जीच्या झोप आणणाऱ्या गोळ्यांनीही हा त्रास बळावतो.

सोबत रक्तातलं फेरिटिन तपासा, त्यावरून अंगातला लोहाचा साठा कळतो. नुसतं हिमोग्लोबिन पुरत नाही, ते चांगलं असूनही लोहाचा साठा रिकामा असतो. या आजारात फेरिटिन ७५ च्या खाली असेल तर लोह देतात. मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर बी-१२ सुद्धा बघा, कारण त्याच्या कमतरतेनेही पायाला मुंग्या येतात आणि आपण मधुमेहाला बोल लावत बसतो. लोहाची गोळी सुरू झालीच तर रिकाम्या पोटी, चहाच्या आगेमागे तासभर सोडून. लिंबूपाण्याबरोबर घेतलेली चांगली लागते, साखर न घालता.