लहान घराला पेलेट स्टोव्ह घेताना कमाल आकड्याआधी किमान आकडा बघा

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. दोन खोल्यांचं ४५ चौरस मीटरचं जुनं घर, छत अडीच मीटरवर, भिंतींना इन्सुलेशन नाही. थंडीत रात्री-अपरात्री वीज जाते. विक्रेता म्हणतो १० किलोवॅटचा पेलेट स्टोव्ह (लाकडाचा भुसा दाबून केलेले बारीक तुकडे, म्हणजे पेलेट, जाळून घर तापवणारा) घ्या, मोठा असला की घर पटकन तापेल. घ्यावा का?

नका घेऊ. माझंही घर लहान आहे आणि गेले सात हिवाळे ते पेलेटवरच तापतंय. त्यातले पहिले दोन मी गरजेपेक्षा बऱ्याच मोठ्या स्टोव्हबरोबर काढलेत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आधी घराला किती ऊब लागते त्याचा अंदाज बांधू. नीट बंदिस्त, इन्सुलेशन केलेलं घर कडाक्याच्या थंडीत चौरस मीटरमागे ५० वॅटच्या आसपास मागतं. जुनं, फटीफटींतून वारा शिरणारं घर १०० वॅट मागतं, कधी त्याहूनही जास्त. तुमचं घर दुसऱ्या प्रकारात धरू. ४५ गुणिले १००, म्हणजे साडेचार किलोवॅट. आणि हा हिशेब हिवाळ्यातल्या सर्वांत गार रात्रींचा झाला. बाकीचे दिवस तुमचं घर दीड-दोन किलोवॅटवर उबदार राहील. दिवसांच्या संख्येनं बघितलं तर स्टोव्हचा बहुतेक वेळ या दीड-दोन किलोवॅटमध्येच जाणार आहे, आणि निवड त्यावरूनच करायची.

पेलेट स्टोव्हचं काम कसं चालतं ते एकदा डोळ्यांपुढे आणा. वर किंवा मागे पेलेटची टाकी. तिच्या तळाशी मळसूत्रासारखा फिरणारा दांडा, त्याला ऑगर म्हणतात. तो थांबूनथांबून फिरतो आणि दर वेळी मूठभरापेक्षाही कमी पेलेट एका लहान लोखंडी भांड्यात टाकतो. भांड्याला भोकं असतात, त्यांतून हवा येते. एक पंखा धूर बाहेर ओढतो, दुसरा पंखा तापलेल्या नळ्यांवरून खोलीतली हवा फिरवतो. ऊब कमी हवी असली की ऑगर हळू फिरतो. पण हळू फिरण्यालाही मर्यादा आहे. एका हद्दीखाली पेलेट इतके कमी पडतात की ज्वाला टिकतच नाही. त्या हद्दीलाच स्टोव्हची किमान क्षमता म्हणतात. माहितीपत्रकात ती छापलेली असते, पण ठळक अक्षरांत छापतात ती कमाल. १० किलोवॅटच्या स्टोव्हची किमान क्षमता साधारण ३ किलोवॅटच्या आसपास असते. तुमच्या घराला दीड किलोवॅट हवेत आणि स्टोव्ह तीनच्या खाली उतरू शकत नाही. मग तो घर तापवतो, बंद होतो, घर गार झालं की पुन्हा पेटतो. दिवसभर हेच.

यात बिघडतं काय, ते मी जवळून पाहिलंय. प्रत्येक पेटणीला एक विजेची कांडी (इग्नायटर) लालबुंद होऊन पेलेट पेटवते. ज्वाला धरेपर्यंत काही मिनिटं पेलेट नुसते धुमसतात, आणि तो धूर काजळी होऊन काचेवर, नळ्यांवर, धुरांड्यात बसतो. विझतानाही थोडंफार तेच. माझा पहिला स्टोव्ह ९ किलोवॅटचा होता आणि थंडी सौम्य असली की दिवसात सहा-सात वेळा बंद-चालू व्हायचा. सकाळी पुसलेली काच संध्याकाळपर्यंत इतकी काळी पडायची की ज्वाला दिसायची नाही. दुसऱ्या हिवाळ्यात एका पहाटे तो पेटेचना. टाकी भरलेली, भांड्यात पेलेटचा ढीग साचलेला, त्याला ठिणगीसुद्धा नाही. इग्नायटर जळून गेला होता. तो झिजणारा भाग आहे, प्रत्येक पेटणीबरोबर त्याचं आयुष्य कमी होतं. आताचा स्टोव्ह ६ किलोवॅटचा आहे, दोनपर्यंत उतरतो. थंडी पडली की अनेकदा दिवसभर एकदाही विझत नाही आणि काच आठवड्यातून दोनदा पुसली तरी चालते.

म्हणून तुमच्यासाठी कमाल ५ ते ६ किलोवॅट आणि किमान २ किंवा त्याहून कमी, असा स्टोव्ह शोधा. किमान आकडा दाखवायला विक्रेता टाळाटाळ करत असेल तर दुसरीकडे बघा. जळणाचा हिशेबही करून ठेवा. चांगल्या पेलेटमध्ये किलोमागे साधारण ४.८ किलोवॅट-तास ऊर्जा असते. स्टोव्हची कार्यक्षमता ९० टक्के धरली तर ६ किलोवॅटवर तासाला सुमारे १.४ किलो पेलेट लागतील आणि २ किलोवॅटवर अर्ध्या किलोपेक्षा कमी. म्हणजे १५ किलोचं पोतं मंद आचेवर दिवसापेक्षा जास्त पुरतं. टाकीत एक अख्खं पोतं मावेल एवढं बघा, नाहीतर अर्धवट फोडलेलं पोतं कायम घरात पडून राहतं.

एक गोष्ट खरं तर याच्याही आधीची. खिडक्या-दारांच्या फटी बुजवा आणि छताचं इन्सुलेशन पुरं करा. त्यानं घराची गरज एका झटक्यात उतरते आणि कदाचित तुम्हाला आणखी लहान स्टोव्ह पुरेल. स्टोव्ह घेतल्यावर फटी बुजवल्या तर तोच स्टोव्ह मोठा पडायला लागतो.

दुसऱ्या खोलीचं बघू. साधा स्टोव्ह तो ठेवलेल्या खोलीतली हवा तापवतो, पलीकडे ऊब जाते ती उघड्या दारातून. म्हणून तो अशा ठिकाणी ठेवा की त्याच्या पंख्याचा झोत दाराच्या दिशेनं जाईल. नळीनं गरम हवा दुसऱ्या खोलीत नेणारे स्टोव्ह मिळतात, पण दोन खोल्यांना मी त्यांच्या वाटेला जाणार नाही, आवाज वाढतो. पाणी तापवून रेडिएटरला देणारे प्रकारही तुमच्या कामाचे नाहीत. थर्मोस्टॅटचं मात्र लक्षात ठेवा. बऱ्याच स्टोव्हचा तापमान मोजणारा सेन्सर स्टोव्हच्याच पाठीमागे लोंबत असतो आणि स्टोव्हच्या स्वतःच्या उष्णतेनं फसतो. खोलीच्या दुसऱ्या टोकाला, बसल्यावर डोक्याच्या उंचीला वेगळा थर्मोस्टॅट लावता येईल असा घ्या. बंद होण्याच्या आणि पुन्हा पेटण्याच्या तापमानात दोनेक अंशांचं अंतर ठेवता येत असेल तर उत्तमच.

आवाजाबद्दल लोक घेताना विचारत नाहीत आणि मग रात्री जागतात. तीन आवाज असतात. पंख्यांची घरघर, ऑगरची किरकिर आणि लोखंडी भांड्यात पेलेट पडल्याची टक-टक. तिसरा मला आता आवडतो, पण माझा बिछाना दाराआड आहे. तुम्ही त्याच खोलीत झोपणार असाल तर गरम हवेचा पंखा पूर्ण बंद ठेवून चालणारे स्टोव्ह बघा. चालू स्टोव्ह प्रत्यक्ष ऐकल्याशिवाय घेऊ नका, आणि ऐकताना तो सर्वांत कमी पातळीवर ठेवायला सांगा, कारण रात्री तो तिथेच असणार आहे.

आता वीज. तुमच्या बाबतीत मला सर्वांत जास्त काळजी याची वाटते. पेटताना स्टोव्ह तीन-चारशे वॅट घेतो, एकदा पेटला की शंभराच्या आत. वीज गेली की ऑगर थांबतो, नवं जळण पडत नाही, त्यामुळे आग भडकण्याची भीती नसते. पण भांड्यात आहे तेवढं धुमसत राहतं आणि धूर ओढणारा पंखा बंद पडलेला असतो. त्या वेळी धूर आपोआप वर चढून निघून जाईल अशी नळी हवी. भिंतीतून आडवी बाहेर काढून तिथेच सोडून दिलेली नळी अशा वेळी धूर खोलीत परत पाठवते. निदान दीड मीटर तरी नळी सरळ वर चढवून मग बाहेर काढा, आणि शक्य असेल तर छताच्या वर न्या. छोटा यूपीएस लावा, पण शुद्ध साइन वेव्ह देणारा, म्हणजे ज्याच्या विजेची लहर घरच्या विजेसारखीच गुळगुळीत असते. स्वस्तातल्या यूपीएसवर मोटारी गुणगुणतात आणि नियंत्रणाचा बोर्ड बिघडू शकतो. शंभर वॅटच्या हिशेबानं पाच तासांना ५०० वॅट-तास बॅटरी हातात उरायला हवी. रात्ररात्र वीज जात असेल तर विजेशिवाय चालणारे, पेलेट स्वतःच्या वजनानं खाली उतरणारे स्टोव्हही आहेत. ते बहुधा हातानं पेटवावे लागतात आणि आच त्यांत तितकी नेमकी राखता येत नाही, तरी तुमच्या घराला मी तोही पर्याय खोडून काढणार नाही.

धुराची नळी पेलेट स्टोव्हसाठीचीच हवी, लाकडाच्या स्टोव्हची जुनी नळी चालणार नाही. इथे पंखा धूर दाबानं ढकलतो, त्यामुळे प्रत्येक जोडाला गॅस्केट (फट घट्ट बंद करणारं कडं) लागतं, नाहीतर बारीक राख आणि वायू सांध्यांतून घरात येतात. सहसा ८० मिलिमीटरची नळी पुरते, लांबी किंवा वळणं जास्त असतील तर १०० ची घ्यावी लागते. तळाशी झाकण उघडून राख काढता येईल असा टी-जोड असू द्या. जळणाला लागणारी हवा बाहेरून घेण्याची सोय असलेला स्टोव्ह निवडा. फटी बुजवल्यावर स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट पंखा लावलात आणि स्टोव्ह खोलीतलीच हवा खात असेल, तर धुराची ओढ उलटू शकते. आणि झोपायच्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावाच. या वायूला ना रंग ना वास. बसवण्याचं काम जाणकाराकडूनच करून घ्या, आणि भिंतीपासूनचं अंतर पुस्तिकेत दिलंय तेवढं सुटलंय का ते स्वतः टेपनं मोजा.

जळणाबद्दल. पेलेट म्हणजे दाबून केलेला लाकडाचा भुसा. लाकडातलं लिग्निन उष्णतेनं मऊ होऊन तो धरून ठेवतं. पोत्यावर 'ईएनप्लस ए१' असा पेलेटच्या दर्जाचा शिक्का असेल तर राख ०.७ टक्क्यांच्या आत आणि ओलावा १० टक्क्यांच्या आत असायला हवा. व्यास ६ किंवा ८ मिलिमीटर असतो. तुमच्या स्टोव्हला कोणता चालतो ते पुस्तिकेत बघा, घरगुती स्टोव्हना बहुधा ६ चा लागतो. शिक्का असला तरी हातात घेऊन बघा. चांगल्या पेलेटचं अंग गुळगुळीत, चकचकीत असतं आणि मोडताना टक्कन मोडतो. पेलाभर पाण्यात टाकला की तो बुडतो आणि थोड्या वेळात फुगून त्याचा भुसा होतो. पोत्याच्या तळाशी ओंजळभर भुगा निघाला तर ते पोतं परत करा. भुगा ऑगरच्या वाटेत दाटून बसतो.

वाईट पेलेट पहिल्यांदा कळतो तो भांड्यात. साल किंवा माती मिसळलेली असली की राख वितळून कडक खडा होतो, काचेसारखी चमक असलेला, करडा-तपकिरी. तो हवेची भोकं झाकतो. मग ज्वाला बदलते. नीट जळणारी ज्वाला पिवळसर-पांढरी आणि चपळ असते, खडा धरला की ती नारिंगी, उंच आणि आळसावलेली होते आणि टोकाला काजळी दिसते. काचेतून एवढं ओळखायला शिकलात की निम्मे बिघाड आधीच कळतील. एकदम महिन्यांचा साठा घेऊ नका. दोन-तीन प्रकारची दोन-दोन पोती जाळा, राख आणि खडे बघा, मग ठरवा. पोती जमिनीपासून वर, कोरड्या जागी ठेवा, पाणी लागलं की सगळा लगदा होतो. आणि मोठा साठा बंद खोलीत करू नका. पेलेटमधल्या तेलकट घटकांचं ऑक्सिडीकरण होताना कार्बन मोनॉक्साइड सुटतो आणि पेलेटच्या बंद कोठारांत शिरलेली माणसं दगावलेली आहेत. थोड्या पोत्यांनाही हवा खेळती असलेली जागा द्या.

साफसफाई रोजची पाच मिनिटं. स्टोव्ह गार असताना भांडं काढायचं, भोकं खरवडायची, काच पुसायची. राखेचा डबा पेलेटच्या प्रतीप्रमाणे आठवड्याला. साधारण टनभर पेलेट जळले की, किंवा वर्षातून एकदा, नळी आणि पंखे उघडून साफ करायचे. राख झाकणाच्या पत्र्याच्या बादलीत भरून घराबाहेर ठेवा. वरून गार दिसणाऱ्या राखेत निखारा दुसऱ्या दिवशीपर्यंतही जिवंत राहतो. याच कारणानं घरातला व्हॅक्यूम क्लीनर तिला लावू नका.

भांडं रोज काढायचं असतं, म्हणून दुकानात स्टोव्हचं दार उघडायला सांगा आणि भांडं स्वतःच्या हातानं काढून परत बसवा. हत्याराशिवाय जमलं पाहिजे. इग्नायटर, दाराचं गॅस्केट आणि भांडं सुटं मिळतं का, आणि किती दिवसांत, ते विचारा. रिमोट, फोनवरचं ॲप, बाहेरचा रंग यांचं तुमचं तुम्ही ठरवा.

दोन गोष्टी कळवा, मग नळी कुठून न्यायची ते नेमकं सांगता येईल. स्टोव्हच्या जागेपासून बाहेरची भिंत किती लांब आहे, आणि मधलं दार त्या जागेच्या समोर येतं की बाजूला.