रत्नागिरीत जुनी फियाट अ‍ॅडव्हेंचर (सिएनाची स्टेशन वॅगन) घेताना काय बघावं?

सगळ्यात आधी गंज. इंजिन दुरुस्त होतं, पण खारं वारं खाल्लेला पत्रा पुन्हा धड होत नाही. रंगाच्या चकाकीला भुलू नका. डिकीतला गालिचा उचला, स्टेपनी बाहेर काढा आणि खालच्या खळग्यात हात फिरवा. ओल लागली किंवा बोटांना तांबडी भुकटी आली तर मागच्या दाराचं रबर पाणी आत घेतंय. मग दारांखालचा पत्रा स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोका. खणखणीत आवाज हवा. भद्द वाजला तर आत लांबी (पुट्टी) भरलेली आहे. अशी गाडी मी तरी फुकट दिली तरी घेणार नाही.

टायमिंग बेल्ट (इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर हलवणारा पट्टा) कधी बदलला त्याचं बिल मागा. नसेल तर घेतल्याबरोबर बदला, कारण तो तुटला की व्हॉल्व्ह वाकतात. एसी लावून गाडी वीस मिनिटं उभी चालू ठेवा, रेडिएटरचा पंखा फिरतो का बघा. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली तर सरळ परत फिरा.

आरसी १५ वर्षांनंतर नूतनीकरण केलेली आहे ना? आणि सुटे भाग मिळवून देणारा मेकॅनिक आधी गाठा, गाडी नंतर.