वाचक विचारतात: ट्रेलर उभा केला, आता तो जागेवर राहील का?

मेमोरियल डेचा वीकेंड उरकला की या सदराकडे ट्रेलरचे प्रश्न येतातच, पण या वेळी जवळपास सगळे एकाच गोष्टीचे आहेत: कॅम्पसाइटवर पोचल्यावर ट्रेलर नीट उभा कसा करायचा, तो हलू नये, सरकू नये आणि कुणी नेऊ नये म्हणून काय करायचं. आम्ही पेन्सिल्व्हेनियात राहतो, आमचा गाडीमागे ओढायचा, आत राहायचा २४ फुटी, दोन ॲक्सलचा (म्हणजे प्रत्येक बाजूला दोन चाकं) ट्रेलर आहे आणि नऊ सीझन झाले आम्ही फिरतोय, त्या अनुभवावरून उत्तरं देतेय.

ताई, पहिलाच ट्रेलर, पहिलीच ट्रिप. चॉक (चाकाला लावायच्या पाचरी) लावले होते तरी हिच (गाडीशी असलेली जोडणी) सोडताना ट्रेलर खटकन फूटभर पुढे सरकला. बायको शेजारीच उभी होती. आमचं काय चुकलं? (एडिसन, न्यू जर्सी)

सगळे सुखरूप आहात हे वाचून जीव भांड्यात पडला, कारण आमच्याकडे तिसऱ्या सीझनला अगदी हेच झालं होतं. संध्याकाळची वेळ, पाऊस नुकताच थांबलेला, साइट डांबरी आणि जराशी उताराची, इतकी कमी की डोळ्यांना कळत पण नव्हती. पिवळे पोकळ प्लास्टिकचे चॉक मी चाकाला टेकवून ठेवले, दाबून नाही, नुसते टेकवून. नवऱ्यानं टंग (ट्रेलरचा पुढचा दांडा) टंग जॅकनं वर उचलायला सुरुवात केली, कपलर (दांड्याच्या टोकाची वाटी) गाडीच्या हिच बॉलवरून सुटला आणि चॉकसकट अख्खा ट्रेलर ओल्या डांबरावर घसरला, जॅकचा पाय लाकडी ठोकळ्यावरून निसटला आणि टंग धाडकन जमिनीवर आदळली. माझी मुलगी तेव्हा नऊ वर्षांची, साखळी काढायला म्हणून तिथेच वाकलेली, तिच्या पायापासून वीतभर अंतरावर. टंगवर ट्रेलरच्या वजनाच्या साधारण १० ते १५ टक्के भार असतो, म्हणजे आमच्या साडेपाच हजार पौंडांच्या ट्रेलरला सहाशेच्या आसपास पौंड. तो आवाज मला अजून आठवतो.

चूक अशी होते की हिच लावलेली असते तोवर ट्रेलरला तुमची गाडी धरून ठेवते, चॉकवर काही भारच नसतो, त्यामुळे ते घट्ट आहेत असं नुसतं वाटतं. कपलर सुटला की पहिल्यांदा सगळा भार चॉकवर जातो, आणि तेव्हा ते एखाद इंच जरी सैल असले तरी ट्रेलरला तेवढा वेग मिळतो आणि मग तो थांबत नाही. त्यात अमेरिकेतल्या ट्रॅव्हल ट्रेलरला हँडब्रेक नसतो, इलेक्ट्रिक ब्रेक असतात पण ते तुमच्या गाडीच्या जोरावर, म्हणून उभ्या ट्रेलरला धरणारी गोष्ट एकच, चाकाखालची पाचर. खंडाळ्याच्या घाटात ट्रक बंद पडला की क्लीनर पहिलं काय करायचा आठवतंय का, उडी मारून चाकामागे दगड लावायचा, बाकी सगळं नंतर. तेच इथे.

तर आधी ट्रेलर डावी-उजवीकडून लेव्हलला आणा, खालच्या बाजूच्या चाकांखाली ठोकळे घालून, आणि दोन ॲक्सल असतील तर त्या बाजूच्या दोन्ही चाकांखाली, चाकाची अख्खी रुंदी ठोकळ्यावर बसली पाहिजे, कडेला लोंबायला नको. मग दोन्ही बाजूंच्या चाकांना पुढून आणि मागून चॉक, पायानं ठोकून घट्ट. रबराचे जड चॉक घ्या, डांबरावर आणि काँक्रीटवर ते पोकळ प्लास्टिकपेक्षा कितीतरी चांगले धरतात. आणि आता ती पायरी जी आम्हाला कुणी सांगितली नव्हती: हिच अजून लावलेलीच असताना गाडी न्यूट्रलला टाका, सगळ्यांना लांब उभं करा आणि ब्रेकवरचा पाय हळूच सैल करा. ट्रेलर जरासा सरकून चॉकवर टेकेल. टेकला आणि थांबला तर गाडीचा पार्किंग ब्रेक लावा, पार्कमधे टाका आणि मग कपलर उघडा. थांबला नाही तर ब्रेक दाबा, गाडी अजून जोडलेलीच आहे, चॉक परत लावा, काही बिघडलेलं नाही. सेफ्टी चेन कपलर पूर्ण वर येऊन ट्रेलर स्थिर आहे हे दिसेपर्यंत काढायच्या नाहीत, आणि टंगजवळ, विशेषतः टंगच्या पुढे, कुणीही उभं राहायचं नाही, मुलं तर अजिबात नाही. पुढे-मागे लेव्हल करायची ती हिच सोडल्यावर, टंग जॅकनं. चारी कोपऱ्यांचे स्टॅबिलायझर (ट्रेलर डुलू नये म्हणून लावायचे जॅक) सगळ्यात शेवटी.

ब्रेकअवे स्विचची पिन ओढली की ट्रेलरचे ब्रेक लागतात ना, मग पार्क करताना तीच ओढून ठेवली तर? (डॅलस)

नको. तो स्विच ट्रेलर रस्त्यात सुटला तर थांबावा म्हणून आहे. ट्रेलरच्या बॅटरीवर चालतो, बॅटरी लवकर उतरते, ब्रेकचे मॅग्नेट तापतात, आणि बॅटरी संपली की ब्रेक सुटतात, तेव्हा तुम्ही कदाचित झोपलेले असाल.

रात्री कुणी नुसती कूस बदलली तरी अख्खा ट्रेलर डुलतो. सासूबाई म्हणाल्या होडीत झोपल्यासारखं वाटतं, आता त्या परत यायला तयार नाहीत. स्टॅबिलायझर अगदी पिळून घट्ट करतो तरी! (शार्लट, नॉर्थ कॅरोलायना)

पिळून घट्ट करणं आधी थांबवा प्लीज. ते कात्रीसारखे जॅक ट्रेलर उचलायला केलेलेच नाहीत, वजन चाकांवरच राहिलं पाहिजे, जॅकनं फक्त कोपऱ्याचा झोल काढायचा. ड्रिलला सॉकेट लावून गर्रकन फिरवायची सवय असते बऱ्याच जणांना, त्यात कळतच नाही की आपण चेसिस वर ढकलतोय. खूण सांगते: जॅक लावल्यावर दार घासायला लागलं किंवा कडी नीट बसेना झाली तर समजा की फ्रेम पिळली जातेय, लगेच सैल करा. असं वर्षानुवर्षं केलं की फ्रेम वाकते, खिडक्यांच्या आणि कोपऱ्यांच्या सांध्यांना फटी पडतात, तिथून पाणी शिरतं. जॅक जमिनीला टेकला की त्यापुढे अर्धा फेरा, फार तर एक, बस.

डुलण्याचं कारण बहुतेक वेळा वेगळंच असतं. ट्रेलर स्प्रिंगवर आणि हवेच्या टायरवर उभा असतो, चाक दोन्हीकडे केसभर जरी फिरत असलं तरी आत बसलेल्याला ते जाणवतं. तुमचा दोन ॲक्सलचा असेल तर दोन चाकांच्या मधल्या फटीत बसतो तो एक्स-चॉक घ्या, तो दोन्ही टायर एकमेकांपासून दाबून धरतो आणि पुढे-मागे हलणं एकदम कमी होतं. पण तो नेहमीच्या चॉकशिवाय वापरायचा नाही, त्यांच्या जोडीला. उन्हात टायर फुगतात आणि रात्री परत आकसतात, म्हणून झोपायच्या आधी एकदा हात लावून बघा सैल झालाय का. दुसरं म्हणजे जॅकखाली ठोकळे घाला, जॅक जितका कमी उघडेल तितका तो ताठ राहतो, पूर्ण उघडलेला जॅक स्वतःच लवतो. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चारी जॅक परत तपासा, रात्रीतून जमीन दबते, पाऊस झाला असेल तर हमखास. पायरीखाली एक आधार दिला तर चढता-उतरतानाचा धक्काही कमी होतो.

सासूबाईंना एकदा परत घेऊन जा, आणि त्यांना झोपायला जागा ॲक्सलच्या जवळची द्या, टोकाची नको. हेलकावा टोकाला सगळ्यात जास्त जाणवतो.

लेव्हल करण्यात इतका वेळ का घालवायचा? दोन-तीन इंच तिरका असला तर काय होतं? (फ्रीमाँट, कॅलिफोर्निया)

तुमचा फ्रिज कुठला आहे त्यावर आहे. गॅसवर आणि विजेवर दोन्हीवर चालणारा असेल तर त्यात कॉम्प्रेसर नसतो, अमोनिया आणि पाण्याचं मिश्रण मागच्या नळ्यांमधून गरम होऊन फिरतं, पंप नाही, परत खाली येतं ते फक्त उतारावरून. ट्रेलर तिरका असला की ते एका जागी साचतं, तिथली नळी जास्त तापते, गंज लागू नये म्हणून घातलेल्या रसायनाचे खडे होतात आणि नळी बुजते. हे नुकसान भरून येत नाही, पूर्ण कूलिंग युनिट बदलावं लागतं. अनेक मॉडेलच्या मॅन्युअलमधे मर्यादा दिलेली असते ती आडवी ३ अंश आणि उभी ६ अंश अशी, तुमच्या पुस्तकात बघून घ्या. नवीन १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज असेल तर ही काळजी फारशी नाही. गवंड्याकडे असते तसली बुडबुड्याची छोटी लेव्हल फ्रिजच्या आत खालच्या फळीवर ठेवून बघा, बाहेर चिकटवलेल्यांपेक्षा मी त्यावर जास्त विश्वास ठेवते. स्लाइड-आउटही (भिंतीतून बाहेर सरकणारा खोलीचा भाग) लेव्हल केल्यावरच बाहेर काढायचा, जॅक त्याच्या आधी लावायचे की नंतर हे कंपनीगणिक वेगळं असतं.

जुलैमधे पाद्रे आयलंडला जायचंय. समुद्राचा वारा आणि वाळू, दोन्हीची भीती वाटते. ट्रेलर उलटणार नाही ना? (ऑस्टिन)

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो, आणि ट्रेलर म्हणजे चाकांवरची सपाट भिंत, म्हणून वारा कुशीवर घ्यायचा नाही. जमेल तिथे ट्रेलरचं नाक वाऱ्याकडे करा. तिथल्या मालाकीट कॅम्पग्राउंडला जागा ठरलेल्या आहेत, तिथे दिशा तुमच्या हातात फारशी नसते, पण बाकी सगळं असतं. ऑनिंग (बाजूचं कापडी छप्पर) रात्री आणि बाहेर जाताना गुंडाळलेलंच असलं पाहिजे, आणि वारा १५-२० मैलांच्या वर गेला की तुम्ही तिथे बसलेले असलात तरी गुंडाळा, दोऱ्या बांधून ते वाचत नाही, उलट छताच्या कडेसकट उपटून निघतं. वारा वाढणार असेल तर स्लाइड आत घ्या, गोड्या पाण्याची टाकी भरून ठेवा (४० गॅलन म्हणजे जवळपास ३३० पौंड, आणि तेही बहुतेक ट्रेलरमधे खाली तळाशी) आणि गाडी जोडूनच ठेवा.

बीचवर वाळूत राहणार असाल तर नेहमीचे ठोकळे खाली जातात. पाऊण इंची प्लायवूडचे फूटभराचे चौकोन कापून न्या, प्रत्येक जॅकखाली आणि टंग जॅकखाली एकेक, आणि ओली घट्ट वाळू सोडू नका पण भरतीची रेषाही बघा. घरी आल्यावर जॅक, स्प्रिंग, ब्रेक सगळं गोड्या पाण्यानं धुवा.

आणि हे मात्र अगदी मनापासून सांगते: नॅशनल वेदर सर्व्हिस ताशी ५८ मैल किंवा त्याहून जास्त वाऱ्याच्या वादळाला सिव्हिअर म्हणते, तसली वॉर्निंग आली की ट्रेलर वाचवायचा विचार सोडा. टोर्नेडोची असेल तर तर नक्कीच. तिथल्या पक्क्या इमारतीत जा, बहुतेक कॅम्पग्राउंडला बाथरूमची इमारत असते. पोचल्या पोचल्या ती कुठे आहे ते मुलांना चालत नेऊन दाखवा, आम्ही चहा ठेवायच्या आधी हे करतो.

दिवसभर हाइकला गेलो तर ट्रेलर तसाच सोडायचा का? चोरीचं काय? (सिॲटल)

कपलर लॉक लावा, आपल्या कपलरच्या मापाचा, बॉल २ इंची आहे की २ ५/१६ इंची ते बघून. नुसती कडीतली पिन लॉक करू नका, कपलरच्या पोकळीत बॉलच्या जागी बसतो तसला घ्या, म्हणजे दुसऱ्याला आपली गाडी जोडताच येणार नाही. एका चाकाला व्हील लॉक. दोन्ही लांबून दिसतात, आणि हे दोन्ही दिसले की चोर शेजारचा ट्रेलर बघतो.

आता तुमची सामानाच्या कप्प्याची किल्ली हातात घ्या आणि तिच्यावर काय कोरलंय ते वाचा. सीएच ७५१ असेल तर ती किल्ली देशभरातल्या असंख्य ट्रेलरना लागते, कुणीही ऑनलाइन विकत घेऊ शकतं. कुलपाचं आतलं सिलिंडर स्वस्तात बदलता येतं, एका दुपारचं काम आहे. जनरेटर आणि प्रोपेनचे सिलिंडर साखळीनं बांधा, व्हीआयएनचा (ट्रेलरच्या ओळख क्रमांकाचा) फोटो फोनमधे ठेवा. फोनवर दिसणारा छोटा ट्रॅकर लपवून ठेवा पण तो आसपास दुसरे फोन असतील तरच सापडतो, डोंगरात भरवसा नको. मंगळसूत्र, पासपोर्ट असलं काही ट्रेलरमधे सोडून जायचं नाही. अस्वलांच्या भागात जात असाल तर बाहेर टेबलावर खायचं काहीही, अगदी लाडवाचा रिकामा डबासुद्धा ठेवू नका. यलोस्टोनच्या फिशिंग ब्रिजला तर ग्रिझली अस्वलांमुळे फक्त पक्क्या भिंतींच्या आरव्हीच चालतात, कापडी बाजूचे पॉपअप नाहीत.

आमच्या कॅरव्हानला हँडब्रेक आहे. मग चॉक लागतात का? (लेस्टर, इंग्लंड)

सपाट पिचवर हँडब्रेक चालतो, उतारावर त्याच्या जोडीला चॉक हवेतच. कोपऱ्यांच्या स्टेडीजना (तुमच्याकडचे स्टॅबिलायझर) वर सांगितलेलाच नियम, उचलायला नाहीत. तुमच्याकडे बऱ्याच विमा पॉलिसींमधे हिचलॉक आणि व्हील क्लॅम्प दोन्हीची अट असते, तुमचा कागद नीट वाचा, नाहीतर क्लेमच्या वेळी अडचण येईल. जुनी कॅरव्हान घेतली असेल तर क्रिसमधे (तुमच्याकडची कॅरव्हानची नोंदवही) तुमच्या नावावर नोंद झालीय ना, तेही बघा.

निघताना सगळं उलट क्रमानं करायचं का? (एडिसनच्याच वाचकांचं दुसरं पत्र)

जवळजवळ. स्टॅबिलायझर आधी वर, ते खाली असताना टंग जॅक फिरवला की वाकतात. मग टंग वर, गाडी मागे घ्या, कपलर बॉलवर बसवा, कडी, पिन, साखळ्या, ब्रेकअवेची केबल, प्लग. आता टंग जॅक थोडा परत खाली घेऊन बघा, गाडीची मागची बाजू सोबत वर उचलली गेली तर कपलर खरंच अडकलाय. मग जॅक पूर्ण वर घ्या, आणि चॉक अगदी शेवटी काढा. प्रत्येक चॉकला भडक रंगाची दोरी बांधून तिचं दुसरं टोक ट्रेलरच्या पायरीवर ठेवा, म्हणजे पायरी बंद करताना दोरी दिसते आणि चॉक गवतात राहत नाही.